एकोणऐंशी म्हणजे किती?

आकडा दिसला की तो मोठ्याने वाचल्याशिवाय काटेबाईंना चैन पडत नसे. बसचा नंबर, दवाखान्यातलं टोकन, औषधाच्या पाकिटावरची तारीख, लिफ्टमधले मजले, सगळं त्या खणखणीत आवाजात वाचत. एकदा डॉक्टर त्यांचा रक्तदाब मोजत होते. डॉक्टरांची नजर यंत्राकडे वळेपर्यंत बाईंनी "एकशे अडतीस, एकोणनव्वद!" असं जाहीर करूनही टाकलं आणि बाहेर बाकांवर बसलेल्या सगळ्यांना तो फुकटात कळला. धाकट्या बहिणीला या खोडीची भारी लाज वाटायची. बाईंना त्यात लाजण्यासारखं काय आहे तेच कळत नसे.

खोड जडली होती ती नोकरीपायी. रद्दी कागदाच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं त्या वजनकाट्यावर होत्या. गोदामाच्या दाराशी जमिनीत बसवलेला लोखंडी काटा, त्याच्या बाजूला बाईंचं स्टूल आणि समोर खांबावर लाल आकड्यांची पाटी. आवाराच्या पलीकडे काचेच्या खोलीत नोंदी लिहायला एक वहीवाले बसत. मध्ये कागद दाबून गठ्ठे बांधणारं यंत्र दिवसभर धडधडत असे. हातगाडी काट्यावर चढली आणि आकडा स्थिर झाला की बाई तो पुकारत, वहीवाले तो परत म्हणत आणि मगच लिहीत. दोघांचं जुळलं तरच गाडी काट्यावरून उतरायची. बाईंनी आणखी एक नियम घातला होता. सुटा आकडा सांगायचा नाही. यंत्राच्या धडधडीत 'सात' आणि 'आठ' लांबून सारखेच ऐकू येतात आणि त्यापायी एकदा अख्खा ट्रक पुन्हा मोजावा लागला होता. तेव्हापासून सगळे आकडे जोडीने. अडुसष्ट, त्र्याण्णव, एकोणऐंशी. नवीन आलेल्याची एकोणऐंशीपाशी हमखास गाडी अडायची. मग बाई त्याला काट्याशेजारी उभं करून घोकून घेत. "ऐंशीला एक कमी! ऐंशीच्या पुढे नाही, मागे!"

गोदामात पडलेलं 'काटेबाई' हे नाव पुढे गल्लीनेही उचललं. स्वभावही काटेकोर, त्यामुळे ते त्यांना शोभून दिसलं.

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. लिफ्ट नाही, पायऱ्या एकोणचाळीस. तिथे बाई आणि त्यांची विधवा धाकटी बहीण राहत. ती चोपन्न वर्षांची झाली तरी सगळ्यांची धाकटीच. तिच्या उजव्या गुडघ्याने पार दगा दिला होता आणि चौदा महिने ती जिना उतरली नव्हती. दिवसभर खिडकीत बसायची. गल्लीतली माणसं तिला आता वरून दिसतील तेवढीच ओळखीची राहिली होती. कुणाचं टक्कल किती पुढे सरकलं, कुणी केस रंगवायचे सोडले, याची बित्तंबातमी तिच्याकडे मिळे. हे सांगताना ती हसायची, पण रस्त्यावर उतरून त्या माणसांशी समोरासमोर बोलायला तिचा जीव तुटत होता आणि बाईंना ते ठाऊक होतं. गुडघा बदलण्यासाठी दोघींनी सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवले होते. ते सगळे बाईंच्या खात्यात होते. आता कुठे तारीख मिळाली होती. सोमवारी सकाळी पैसे भरायचे, मंगळवारी ऑपरेशन.

फोनवरून पैसे भरायची सोय धाकटीच्या मुलीने करून दिली होती. ती दुसऱ्या गावी विमा कंपनीत नोकरीला होती. "मावशी, पिन कुणालाही सांगायचा नाही. आईला नाही, मलासुद्धा नाही," हे तिने बाईंच्या डोक्यात इतकं भरवलं होतं की शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "अगं, मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" आणि खरंच, तो पिन त्यांनी जिवापाड जपला होता. आकडा ओठांवर येऊनही बाहेर न पडू देणं बाईंसारख्या बाईला किती जड जात असेल, याची भाचीला कल्पना नव्हती.

आणि शुक्रवारी सकाळी अकराला, गोदामात काट्यापाशी बसल्या असताना, बाईंच्या फोनवर मेसेज आला. तुमचं खातं आज दुपारी बारानंतर बंद करण्यात येईल, चालू ठेवण्यासाठी खाली दाबा.

आज खातं बंद, उद्या अर्धा दिवस बँक, परवा रविवार, मग सोमवारी भरायचं काय? त्यांनी दाबलं. बँकेचं पान उघडलं. तोच निळा रंग, तीच खूण, छत्रीखाली हसणारं तेच जोडपं. पानाने ग्राहक क्रमांक मागितला, तो दिला. पासवर्ड मागितला, तोही दिला. "आमचे अधिकारी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील," असं पानावर उमटलं आणि पाच मिनिटांत फोन वाजलासुद्धा. इतकी तत्पर बँक जगाच्या पाठीवर कुठे असते, असा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. माणूस घाबरला की त्याला नेमके हवे ते प्रश्न पडत नाहीत.

"मॅडम, बँकेतून बोलतोय," आवाज तरुण आणि फार अदबीचा होता. "आधी एक महत्त्वाची सूचना. तुमचा पिन कुणालाही सांगू नका. मला तर अजिबात सांगू नका."

बाई खूश झाल्या. "आमची भाची अगदी हेच सांगते हो!"

"हुशार आहे तुमची भाची. आता तुमच्या फोनवर एक मेसेज येईल. त्यातला आकडा फक्त वाचून दाखवा."

वाचून दाखवा! तेही काटेबाईंना! अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? समोर आकडा उमटायचा, पलीकडे कुणीतरी लिहायला बसलेला असायचा आणि बाईंनी तो पुकारायचा. सांगणं वेगळं आणि वाचणं वेगळं. फोन टुणकन वाजला, आकडा दिसला आणि बाईंनी सवयीप्रमाणे अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला.

"एकोणऐंशी, एकोणसाठ, अडतीस!"

"एकोणऐंशी, एकोणसाठ, अडतीस!" आवारापलीकडून वहीवाल्यांनी परत म्हटलं आणि लिहूनही टाकलं. मग मान वर करून पाहिलं तर काट्यावर गाडीच नाही.

"मॅडम, तिथे कोण बोललं?"

"ते ताडून बघतात. तुम्ही तुमचं चालू द्या."

तिकडे खटखट झाली. "मॅडम, चुकीचा दाखवतंय. एट नाइन, सिक्स नाइन, थ्री एट. बरोबर ना?"

"एट नाइन कुठून आणलंत? एकोणऐंशी म्हटलं मी."

"तेच ना. ऐंशी म्हणजे एट्टी. एट्टी नाइन."

"ऐंशीला एक कमी! पुढे नाही, मागे! शाळेत गेला होतात की नाही?"

ही शिकवणी होईपर्यंत कोडची मुदत संपली. त्याने दुसरा पाठवला. बाईंनी मान ताठ केली. "सत्त्याण्णव, त्रेपन्न, अडुसष्ट!"

"सत्त्याण्णव... एट्टी सेव्हन?"

"ते सत्त्याऐंशी!"

"त्रेपन्न म्हणजे थर्टी फाइव्ह ना?"

"अरे देवा!"

दुसराही चुकला. आता अदब जरा पातळ झाली. "मॅडम, सरळ एकेक आकडा सांगा ना! इंग्लिशमध्ये!"

"आमच्याकडे सुटा आकडा सांगत नाहीत. सात आणि आठमध्ये घोळ होतो."

त्याने नाकातून सोडलेला सुस्कारा बाईंना ऐकू आला आणि त्यांना त्याची चक्क दया आली. असे किती आले आणि त्यांच्या हाताखाली तयार होऊन गेले! तेवढ्यात तिसरा कोड येऊन पडला. नवशिक्याला शिकवायची बाईंची एक रीत होती. तो फारच गोंधळला की त्या उलटं करायच्या. त्याने वाचायचं आणि बाईंनी ताडायचं.

"असं करू," त्या समजुतीने म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही वाचा, मी ताडते. एकेक म्हणा, इंग्लिशमध्ये म्हणा, चालेल मला."

"मी कसा वाचणार?"

"आकडा तुमच्यासमोर असेलच की."

"माझ्यासमोर नाहीये, मॅडम. तो तुमच्या फोनवर आलाय."

"पण पाठवला तुम्हीच ना?"

उत्तराऐवजी बाईंना त्याच्या मागचे आवाज ऐकू आले. त्या खोलीत आणखी चार-पाच जण फोनवर बोलत होते. त्यातला एक अगदी अदबीने म्हणत होता, "सर, आधी एक महत्त्वाची सूचना. तुमचा पिन कुणालाही सांगू नका."

बाईंनी फोन कानापासून दूर धरला आणि तो मेसेज पहिल्यांदाच आकड्याच्या पुढे वाचला, तोही मनातल्या मनात. दुसऱ्या खात्यात पैसे पाठवण्यासाठीचा हा कोड आहे. कुणालाही सांगू नये. बँक तो कधीही विचारत नाही. आणि खाली रक्कम. ती रक्कम बाईंना तोंडपाठ होती. सहा वर्षं साठवलेला धाकटीचा अख्खा गुडघा तिथे लिहिलेला होता.

"मॅडम, लवकर वाचा. वेळ संपतेय."

"संपू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तीनदा आलेल्या कोडांपैकी दोन आपण आपल्या तोंडाने, छाती फुगवून, आवारभर पुकारलेत हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. वहीवाले वही घेऊनच आले. "बाई, काट्यावर गाडी नाही आणि सहा आकडे झाले. कुठल्या मालाचे लिहू?"

बाईंनी कसंबसं सांगितलं. वहीवाले मितभाषी माणूस, पण त्यांचाही चेहरा उतरला. बाई सकाळच्या पहिल्या मेसेजमधलाच मदतीचा नंबर दाबायला निघाल्या, तसा वहीवाल्यांनी त्यांचा हात धरला.

"तो चोराचाच असणार. कार्ड काढा. मागे छापलाय तो लावा."

कार्डामागचा नंबर लागला आणि बँकेने नऊ मिनिटं संगीत ऐकवलं. ती नऊ मिनिटं बाई उभ्या उभ्या मरत होत्या. धाकटीला काय सांगायचं? सोमवारी जायचं नाही म्हणून? कधी जायचं ते माहीत नाही म्हणून? ती काही बोलणार नाही, नुसती खिडकीकडे वळेल, हे त्यांना समोर दिसत होतं आणि तिने चार शिव्या घातल्या तर बरं, असं वाटत होतं.

शेवटी एक बाई बोलली. काटेबाईंनी आधीच विचारून घेतलं, "तुम्ही कोड विचारणार का?"

"नाही, ताई. आम्ही तो कधीच विचारत नाही."

मग पलीकडे बराच वेळ कळा दाबल्याचा आवाज आला. "कुणीतरी तुमचा पासवर्ड वापरून वेगळ्या फोनवरून खात्यात शिरलं होतं. पैसे पाठवायचा प्रयत्नही झाला. पण दोन्ही वेळा कोड चुकीचा पडलाय. तिसरा टाकलेलाच नाही. मी खातं गोठवलंय. तुमचे पैसे जागेवर आहेत."

"किती?"

तिने रक्कम सांगितली.

"परत म्हणा."

तिने परत म्हटली. दोन्ही वेळचं जुळलं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्या जिथे होत्या तिथेच मटकन बसल्या, ते नेमकं काट्यावर. खांबावरच्या पाटीवर लाल आकडा उमटला.

"त्र्याहत्तर," वहीवाले सवयीने म्हणाले आणि जीभ चावली.

एरवी बाईंनी त्यांना उभं सोललं असतं. आज त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. वहीवाल्यांनी यंत्र बंद करायला सांगून पाण्याचा पेला आणला. त्र्याहत्तर मात्र त्यांनी लिहिलं नाही.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा धाकटी दाराशी टेकून उभी होती. "काय झालंय, ताई?"

"कुठे काय?"

"आज पायऱ्या मोजत आली नाहीस. रोज खालपासून तुझा आवाज चढत येतो. आज नुसती पावलं आली."

मग बाईंनी काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. दाबलं कुठे, भरलं काय, पुकारलं कसं. धाकटी ऐकत राहिली. तिने खरंच खिडकीकडे पाहिलं.

"गेले असते तर गं?" धाकटीने विचारलं.

"गेले असते तर मी तुला तोंड दाखवू शकले नसते."

"म्हणजे दोघींनी दोन खिडक्यांत बसायचं. एकच खिडकी आहे आपल्याला," धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून, "पण त्याला एकोणऐंशी येईना?"

"येईना! एट्टी नाइन म्हणे!"

धाकटीच्या पोटातून हसू उसळलं. ती भिंतीला धरून, दुखरा गुडघा सावरत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि बाईंच्या छातीवरची सकाळपासूनची धोंड उतरली. बहिणीने रागवावं अशी त्यांची तयारी होती. हसण्याची नव्हती, त्यामुळे ते फार गोड लागलं.

भाचीने मात्र फोनवर आकाशपाताळ एक केलं. "मावशी! किती वेळा सांगितलं होतं! कोड सांगितलास?"

"सांगितला नाही गं. पुकारला."

"फरक काय?"

"तोच आज कळला," बाई म्हणाल्या.

भाची जरा निवळली. मग तिने एकेक गोष्ट घोकून घेतली. मेसेजमधल्या निळ्या अक्षरांना हात लावायचा नाही, बँक हवी तर आपण होऊन उघडायची. पिन, कोड, पासवर्ड सगळं एकाच माळेचं. कुणी घाई करायला लागला की तो चोर समजायचा आणि फोन ठेवायचा. बाईंनी प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवली. शेवटी भाची हळूच म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागावू नकोस. एकोणऐंशी मलाही पटकन कळत नाही."

"रविवारी फोन कर. शिकवते," बाई म्हणाल्या.

शनिवारी त्या बँकेत गेल्या. समोरच्या अधिकारी बाईंनी चोराचा फोन खात्यातून हाकलला, नवा पासवर्ड करायला लावला, गोठवलेलं खातं पुन्हा चालू केलं आणि एका दिवसात किती पैसे बाहेर जाऊ शकतील याला लगाम घातला. सोमवारच्या मोठ्या रकमेपुरती ढील द्यायला त्या विसरल्या नाहीत. पोलिसांकडे तक्रार कुठे नोंदवायची तेही लिहून दिलं. जुन्या तागडीवर माल घालण्याआधी रिकाम्या टोपलीचा धडा करावा लागे, म्हणजे टोपलीच्या भाराइतकं वजन समोरच्या पारड्यात टाकावं लागे. आपला धडा माल काट्यावर चढल्यावर झाला, असं बाईंना वाटलं. पण माल गेला नव्हता, आणि परत येताना त्यांनी घरापर्यंत दिसेल त्या गाडीचा नंबर मोठ्याने वाचला.

सोमवारी दवाखान्याच्या खिडकीपाशी बाईंनी कार्ड लावलं आणि पैसे भरायच्या यंत्रावर "पिन टाका" असं आलं. धाकटीला शेजारच्या दोघांनी खुर्चीसकट जिन्यावरून उतरवून आणलं होतं, ती शेजारीच बसली होती. बाईंनी एक हात यंत्रावर आडवा धरला आणि ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. चारही आकडे आत गेले. एकही बाहेर आला नाही.

"ताई, श्वास घे," धाकटी म्हणाली.

यंत्राने पावती काढली. बाईंनी श्वास घेतला आणि पावतीवरची रक्कम खणखणीत वाचली. रांगेतली माणसं वळून पाहायला लागली आणि धाकटीला या वेळी मुळीच लाज वाटली नाही.

सात आठवड्यांनी डॉक्टरांनी जिना उतरायची परवानगी दिली. बाई धाकटीच्या एक पायरी पुढे, तिच्याकडे तोंड करून, उलट्या उतरत होत्या. धाकटीने कठडा धरला होता आणि आज पुकारा तिचा होता. "एक." "एक." "दोन." "दोन." बाई परत म्हणायच्या आणि मगच ती पुढचा पाय टाकायची. विसाव्या पायरीला ती थांबली, घाम पुसला. तिसाव्याला खालून गल्लीचा आवाज येऊ लागला. "अडतीस." "अडतीस." मग शेवटची पायरी आली. बाई जमिनीवर उभ्या होत्या.

"एकोणचाळीस," धाकटी म्हणाली.

बाई परत म्हणायचं विसरून तिच्या पायाकडे बघत राहिल्या. दारासमोर ज्याचं टक्कल धाकटीला पाठ होतं तो शेजारी उभा होता आणि त्याला चेहराही होता. धाकटीचा पाय पायरीच्या काठावर थांबला.

"ताई, परत म्हण ना. जुळल्याशिवाय गाडी उतरत नाही."

"एकोणचाळीस," बाई म्हणाल्या आणि धाकटीने जमिनीवर पाय ठेवला.